सोसल्याचा उतार आणि चार दिवसांच्या शर्यती

म्हैसूर जिल्ह्यात टी. नरसीपूरजवळ कावेरी आणि कपिला यांचा संगम आहे. त्याच्या शेजारचे गाव सोसले. माध्व संप्रदायाची मंडळी हे गाव व्यासराज मठामुळे ओळखतात. फौजी माणसाने ते आणखी एका कारणासाठी ओळखावे. मार्च १७९९ च्या अखेरीस जनरल हॅरिसची फौज इथल्या उतारावरून कावेरी ओलांडून दक्षिण तीरावर गेली, आणि ४ मे रोजी श्रीरंगपट्टण पडले. उतार म्हणजे नदी पायी ओलांडता येईल अशी उथळ जागा. लढाईच्या पुस्तकात या उतारावर एक-दोन ओळी मिळतात. नकाशा वाचणाऱ्याला मात्र त्यावर एक अख्खा धडा घेता येईल.

या भागातल्या पोस्टिंगमध्ये आमच्यात एक चर्चा रंगली होती. चार दिवसांचा ओरिएंटियरिंग मेळावा भरवायचा, तर कोणत्या दिवशी कोणती शर्यत ठेवायची? पहिले उत्तर आले ते आपल्या सगळ्यांच्या ओळखीचे: रोज दहा किलोमीटर, शेवटच्या दिवशी पंधरा. ऐकायला सोपे, आखायला सोपे. पण असा मेळावा चार दिवसांची क्रॉसकंट्री होतो. त्यात पाय जिंकतात, डोक्याला काम उरत नाही. शर्यतीचा प्रकार ठरवताना खरा प्रश्न किलोमीटरचा नसतो. गड्याला काय विचारायचे, हा असतो. हे पटवण्यासाठी मला इतिहासाकडे वळावे लागते.

ज्यांनी हा खेळ पाहिला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. हातात नकाशा आणि कंपास. रानात ठराविक जागी पांढरे-केशरी निशाण लावलेले असते, त्याला कंट्रोल म्हणतात. नकाशावरच्या क्रमाने एकेक कंट्रोल गाठायचा, तिथे पंच करायचे आणि कमीत कमी वेळात परत यायचे. वाट कोणती घ्यायची हे कोणी सांगत नाही. खेळाचा जन्म फौजेतच झाला. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस स्वीडन आणि नॉर्वेच्या सैन्यात नकाशावर चालण्याच्या या स्पर्धा सुरू झाल्या. १८९७ मध्ये नॉर्वेत पहिली खुली शर्यत झाली, तेव्हा स्पर्धक होते आठ आणि कंट्रोल अवघे तीन. १९१९ मध्ये मेजर अर्न्स्ट किलांडर यांनी स्टॉकहोमजवळ शर्यत भरवली, तिला दोनशेहून अधिक लोक आले. तरुण पोरे मैदानावरच्या धावण्याला कंटाळली आहेत, त्यांना रानात काहीतरी शोधायला द्यावे, असा त्यांचा विचार होता. आजही आयोजकाने तो विसरू नये.

आता पुन्हा कावेरीकडे. १७९१ च्या मे महिन्यात लॉर्ड कॉर्नवॉलिस श्रीरंगपट्टणावर चालून आला. तो उत्तर तीरावरच्या अरकेरे गावी पोचला. तिथून नदी उतरायचा विचार होता, पण पाणी चढले होते. लढाई जिंकूनही चारा-दाणा संपला, बैल मेले, आणि शेवटी वेढ्याच्या जड तोफा स्वतःच्या हाताने निकामी करून त्याला माघारी फिरावे लागले. आठ वर्षांनी हॅरिस आला तेव्हा टिपूने हिशेब मांडला की इंग्रज पुन्हा त्याच वाटेने येणार. त्या वाटेवरचा चारा त्याने जाळून टाकला. २७ मार्चला मळवळ्ळीची लढाई झाली. त्यानंतर हॅरिसने समोरची सरळ वाट सोडली, सोसल्याला नदी ओलांडली आणि दक्षिण तीर धरला. तिकडे गवत शाबूत होते, गुरेही मिळाली. जळलेल्या मुलखातून उपाशी बैल हाकण्यापेक्षा नदी ओलांडणे स्वस्त पडले.

ओरिएंटियरिंगमध्ये याला रूट चॉइस म्हणतात, आणि लाँग म्हणजे लांब पल्ल्याची शर्यत त्यासाठीच असते. एका कंट्रोलपासून दुसऱ्यापर्यंत दोन-तीन किलोमीटरचे अंतर, मध्ये टेकडी किंवा ओढा, आणि जायला तीन वाटा. एक सरळ पण चढाची, एक वळसा घालून पायवाटेची, तिसरी दोन्हींच्या मधली. जागतिक स्पर्धेत अशी शर्यत जिंकायला पुरुषांना साधारण दीड तास लागतो. नकाशा असतो १:१५,००० चा. आपल्या फौजी सवयीचा १:५०,००० चा नकाशा इथे पुरत नाही, कारण त्यात वीस मीटरच्या कॉन्टूरमध्ये अख्खा नाला लपून बसतो. लाँग शर्यत आखणाऱ्याने प्रत्येक मोठ्या टप्प्यावर स्वतःला विचारावे: इथे अरकेरे आणि सोसले असे दोन पर्याय खरेच आहेत का? नसतील तर ती लांब शर्यत नाही, नुसती लांबलेली शर्यत आहे.

मिडल शर्यतीचा प्रश्न वेगळा. अंतर कमी, विजेता अर्ध्या तासात परत. नकाशा १:१०,००० चा. कंट्रोल जवळजवळ, दिशा सतत बदलणारी, खडक-झुडपांत बारीक वाचन. लाँगमध्ये एक मोठा निर्णय पाच मिनिटे वाचवतो. मिडलमध्ये तीस सेकंदांच्या सहा चुका शर्यत घालवतात. गंमत अशी की १९६६ मध्ये फिनलंडला पहिली जागतिक अजिंक्यपद स्पर्धा झाली तेव्हा वैयक्तिक प्रकार एकच होता, लांब पल्ल्याचा. कमी अंतराची शर्यत आली १९९१ मध्ये, स्प्रिंट २००१ मध्ये, आणि चार जणांची मिश्र स्प्रिंट रिले २०१४ मध्ये. म्हणजे एकाच प्रकाराने खेळ पूर्ण होत नाही हे जाणकारांना उमगायलाही पंचवीस वर्षे लागली.

स्प्रिंट गावात किंवा संस्थेच्या आवारात होते. नकाशा १:४,००० चा, विजेत्याची वेळ बारा ते पंधरा मिनिटे. गल्ली, कुंपण, जिना, बंद फाटक, सगळे धावता धावता वाचायचे. नकाशावर ठळक काळ्या रेषेने दाखवलेली भिंत ओलांडायची नाही. ती हातभर उंचीची असली तरी नाही. ओलांडलीत तर बाद. ज्याने गावातल्या शोधमोहिमेत घरे मोजत पावले टाकली आहेत, त्याला स्प्रिंटची किंमत वेगळी समजावून सांगावी लागत नाही.

रात्रीच्या शर्यतीचा धडाही याच मुलखात सापडतो. १७९९ च्या मोहिमेत श्रीरंगपट्टणाजवळ जनरल बेअर्ड एका रात्री तुकडी घेऊन निघाला. लॅम्बटन नावाचा त्याचा अधिकारी आकाशाकडे बघत होता. ताऱ्यांवरून त्याला कळले की तुकडी आपल्या छावणीकडे न जाता उलट दिशेला, थेट शत्रूकडे निघाली आहे. त्याने सांगितले, जनरलला पटले नाही. पुढे कंपास बघितला तेव्हा लॅम्बटन बरोबर निघाला. हाच विल्यम लॅम्बटन पुढे १८०२ मध्ये मद्रासला पायारेषा मोजून भारताच्या त्रिकोणमितीय सर्वेक्षणाच्या कामाला लागला. ते काम करत असतानाच १८२३ मध्ये आपल्या वर्धा जिल्ह्यातल्या हिंगणघाटला त्याचा अंत झाला. अंधारात गर्दी जिकडे जाते तिकडे जाण्याचा मोह फार मोठा असतो. रात्रीची शर्यत माणसाला विचारते ते एवढेच: सगळे चुकीच्या दिशेला निघाले तर तू थांबशील का?

रिलेचा धडा पुन्हा १७९१ चा. कॉर्नवॉलिसने तोफा मोडल्या, माघार सुरू झाली, आणि लगेच समोर घोडदळ दिसले. शत्रू समजून धावपळ उडाली. ते निघाले हरिपंत फडके आणि परशुरामभाऊ पटवर्धन यांचे मराठे. मराठी फौज इतकी जवळ आल्याची इंग्रजांना खबरच नव्हती, कारण मधले जासूद टिपूच्या हलक्या स्वारांनी पकडले होते. मराठ्यांच्या बाजारातून दाणागोटा मिळाला आणि उपाशी फौज वाचली, पण तोफा गेल्या त्या गेल्या. साखळीतला एक दुवा निसटला की बाकीच्यांची मेहनत वाया जाते. रिलेत तेच असते. सगळे एकदम सुटतात, म्हणून आखणारा प्रत्येक संघाला काही कंट्रोल वेगळ्या क्रमाने देतो. पुढच्याच्या पाठीवर नजर ठेवून धावणारा भलत्याच निशाणावर पोचतो.

मग चार दिवस कसे लावायचे? जगात दोन नमुने प्रसिद्ध आहेत. स्वीडनचा ओ-रिंगेन १९६५ मध्ये शेदीडशे लोकांनी सुरू झाला आणि वीस वर्षांत, १९८५ ला, पंचवीस हजारांवर गेला. पाच दिवस, पाच शर्यती, सगळ्या वेळांची बेरीज. शेवटच्या दिवशी बेरजेत पुढे असणारा आधी सुटतो आणि बाकीचे त्याचा पाठलाग करतात, त्यामुळे जो आधी पोचेल तो विजेता. दुसरा ब्रिटनचा यान शेलस्ट्रोम मेळावा. १९६७ पासून ईस्टरच्या सुटीत भरतो. आताच्या रचनेत आधी स्प्रिंट, मग मिडल आणि लाँग, अखेर रिले.

सोसल्याच्या परिसरासाठी मला दुसरा नमुना पटतो, आणि त्याचे कारण जमीन आहे. नदीकाठी कालव्याचे पाणी, भात आणि ऊस. उभ्या पिकात एकही माणूस शिरता कामा नये. ज्या गावकऱ्याच्या बांधावरून आपण धावतो त्याचे नुकसान करून भरवलेला मेळावा दुसऱ्या वर्षी भरत नाही, आणि भरूही नये. म्हणून पहिला दिवस म्हैसूरला, विद्यापीठासारख्या आवारात स्प्रिंट. पाय ताजे, बघणारे भरपूर, नवख्यालाही हरवण्याची भीती नाही. दुसरा दिवस श्रीरंगपट्टणाजवळच्या करिघट्टासारख्या खुरट्या झुडपांच्या टेकडीवर मिडल, वनखात्याची परवानगी हातात घेऊन. त्याच संध्याकाळी हौशींसाठी छोटी रात्रीची फेरी. तिसरा दिवस उत्तरेकडच्या कोरडवाहू माळावर लाँग, नाचणीची काढणी झाल्यावर. चौथा दिवस रिले, म्हणजे युनिट शेवटपर्यंत एकत्र राहतात. आणि चार दिवसांत कावेरी ओलांडायची नाही. हॅरिसच्या काळी मार्चमध्ये नदी आटत असे. आता वर कन्नंबाडीला कृष्णराजसागर धरण आहे, पाणी कधी सुटेल ते पात्र बघून कळत नाही. खाली तलकाडला या नदीत माणसे बुडाली आहेत. इतिहासाचा उतार नकाशात बघावा, पायाने नाही.

बेरजेबाबतही एक मत मांडतो. चारही दिवसांचे मिनिट मोजून बेरीज केली तर लाँगची दीड तासाची शर्यत स्प्रिंटची पंधरा मिनिटे गिळून टाकते. त्यापेक्षा प्रत्येक दिवशी विजेत्याच्या वेळेच्या प्रमाणात गुण द्यावेत आणि तीन वैयक्तिक दिवसांतले उत्तम दोन धरावेत. एखाद्याचा घोटा मुरगळला तरी मेळावा संपत नाही.

शेवटचा मुद्दा मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. कोणती शर्यत ठेवायची हे ठरवताना कोणाला बोलवायचे हेही ठरत असते. या खेळात पस्तिशीनंतर पाच-पाच वर्षांचे वयोगट असतात, थेट ऐंशीच्या पुढेपर्यंत. निवृत्त सुभेदारसाहेबांना नातवाच्या वयाच्या पोराशी पळावे लागत नाही. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे ट्रेल ओरिएंटियरिंग. त्यात स्पर्धक पायवाटेवरच राहतो. समोर काही निशाणे दिसतात, त्यातले नकाशाशी जुळणारे कोणते, किंवा एकही जुळत नाही का, हे सांगायचे. पळण्याच्या वेगाला गुण नाहीत, व्हीलचेअरवरचा माणूस पायांवर उभ्या असलेल्याला सहज हरवू शकतो. २००४ पासून त्याची जागतिक अजिंक्यपद स्पर्धा होते. पुण्यात खडकीला पॅराप्लेजिक रिहॅबिलिटेशन सेंटर आहे, तिथे पाठीच्या कण्याला इजा झालेले जवान राहतात. १९६५ च्या युद्धात गोळ्या लागलेले आपले सांगलीकडचे मुरलीकांत पेटकर १९७२ मध्ये पॅरालिम्पिकचे पोहण्यातले सुवर्णपदक घेऊन आले, हे आपण अभिमानाने सांगतो. मग मेळाव्याच्या कागदावर जखमी जवानासाठी एक ओळ का नसावी? नकाशा वाचायला शिकलेला माणूस पाय गेल्यावर ती विद्या विसरत नाही.

म्हणून माझे म्हणणे असे, की तिसऱ्या दिवशी लाँगच्या शेजारी एका सपाट, चाक जाईल अशा वाटेवर ट्रेल ओरिएंटियरिंग ठेवावे, आणि बक्षीस समारंभात त्याचे पदक पहिले द्यावे. किलोमीटरचा तक्ता त्यानंतर भरायला बसावे.