वास्को द गामाला वाट कोणी दाखवली?

आठवीच्या मुलांना इतिहासाचा एक उपक्रम दिला होता. आपण वास्को द गामाच्या जहाजावर खलाशी आहोत असं समजून पाच दिवसांची रोजनिशी लिहायची आणि सोबत एक संकल्पना चित्र काढायचं. आकारिक मूल्यमापनासाठी वह्या जमा झाल्या, तशा तपासायला बसलो.

बहुतेक चित्रांत मधोमध वास्को आणि भोवती ठरलेल्या चौकटी: लिस्बन, आफ्रिकेचं टोक, कालिकत, 1498, मसाले. एका मुलीने मात्र एक बाण थेट 'गडहिंग्लजची मिरची' इथपर्यंत नेला होता. आपल्या बाजारातले मिरचीचे ढीग पाहत वाढलेल्या मुलीला हे सुचणारच. मिरची मूळची अमेरिकेची आणि ती पोर्तुगीज व्यापारातून इकडे आली. फक्त बाण वास्कोऐवजी 'पोर्तुगीज व्यापार' इथून निघायला हवा, एवढं लिहून पूर्ण गुण दिले.

अडलो ते पुढच्या वह्यांवर. चार-पाच जणांनी ठळक अक्षरांत लिहिलं होतं, 'अहमद इब्न माजिदने वास्कोला भारताची वाट दाखवली.' हे पाठ्यपुस्तकातलं नव्हतं. वर्गात मीच सांगितलं होतं. तेव्हा मागच्या बाकावरून एकाने खुशीत विचारलंही होतं, "सर, अपना आदमी था ना?"

सांगण्यामागचं कारण लपवत नाही. आपल्या मुलांना इतिहासात मुसलमान भेटतात ते बहुधा बादशहा नाहीतर सरदार. ताऱ्यांवरून समुद्र ओळखणारा एक अरब नाखवा त्यांना भेटावा, असं वाटलं. इब्न माजिद खरोखर मोठा होता. 1490 च्या सुमारास त्याने नौकानयनावर ग्रंथ लिहिला. त्यात मोसमी वारे आहेत, बंदरं आहेत, ताऱ्यांच्या उंचीवरून जागा ठरवण्याची रीत आहे.

पण तो वास्कोबरोबर होता का? हे नाव देणारे कुतुबुद्दीन नहरवाली मक्केत लिहीत होते, तेही घटनेनंतर सुमारे पाऊणशे वर्षांनी. वास्कोच्या ताफ्यातली रोजनिशी एवढंच सांगते, की मालिंदीच्या राजाने एक वाटाड्या दिला. ती त्याला ख्रिस्ती म्हणते. पण याच लोकांनी कालिकतच्या देवळालाही चर्च मानलं होतं. पुढे पोर्तुगीज इतिहासकार बारुश त्याला गुजरातचा मुसलमान म्हणतात. म्हणजे वाटाड्या होता हे नक्की, तो इब्न माजिद होता हे नक्की नाही. बहुतेक अभ्यासक आज ते मानत नाहीत.

वाटाड्याचं मोल मात्र आकड्यांत दिसतं. एप्रिल 1498 मध्ये मालिंदीहून निघालेली जहाजं 23 दिवसांत मलबारला लागली. परतताना वास्को वारा उलटा असताना, ऑक्टोबरच्या सुरुवातीला, आपल्या कारवारजवळच्या अंजदीव बेटावरून निघाला. आफ्रिका दिसायला जवळजवळ तीन महिने गेले. हिरड्या सुजून माणसं मेली. समुद्र तोच होता, फरक वाऱ्याच्या जाणकारीचा होता. ही जाणकारी अरब, गुजराती, मलबारी अशा अनेक नाखव्यांची, पिढ्यान्‌पिढ्यांची. कालिकतला पहिल्या पोर्तुगीज माणसाशी त्याला समजेल अशा भाषेत बोलले ते ट्युनिसचे दोन मुसलमान! मग 'शोध' कशाचा लागला? युरोपातून इथवर येणाऱ्या सागरी मार्गाचा, एवढंच म्हणता येईल.

एका मुलाने रोजनिशीत 1502 ची दुसरी सफर घेतली होती. मक्केहून परतणाऱ्या यात्रेकरूंचं जहाज वास्कोने बायकापोरांसह जाळलं, त्या दिवशी त्याचा खलाशी जेवू शकत नाही. हे वाचून कोणी म्हणेल, मुलाने भावनेच्या भरात लिहिलं. पण ती हकिकत वास्कोच्याच ताफ्यातल्या तोमे लोपेश या पोर्तुगिजाने लिहून ठेवली आहे. हा बाण पक्का आहे.

इब्न माजिदच्या वह्यांचे गुण कापले नाहीत. चूक माझी होती. दुसऱ्या दिवशी वर्गात ते सरळ सांगितलं आणि त्या बाणाशेजारी मुलांना प्रश्नचिन्ह काढायला लावलं. मागच्या बाकावरचा हिरमुसला. म्हणाला, "मग आपलं नाव नाहीच का, सर?"

त्याला फळ्यापाशी बोलावलं आणि इब्न माजिदसाठी वेगळी चौकट काढायला सांगितली. बाण वास्कोकडे नाही, त्याच्या स्वतःच्या ग्रंथाकडे.