सेंट पॉल कॉलेज, जुने गोवे

पोर्तुगीज अमलातील गोव्यातले कॅथलिक विद्यालय. स्थापना १५४१ ची. १७५९ मध्ये ते चालवणाऱ्या जेझुइट या कॅथलिक पाद्र्यांच्या संघाची हकालपट्टी झाली आणि विद्यालय संपले. मूळ नाव सांता फे, म्हणजे पवित्र श्रद्धा. चर्चचा उद्घाटनसोहळा २५ जानेवारी १५४३ रोजी, संत पॉलच्या मनपरिवर्तनाच्या सणाला झाला आणि पुढे तेच नाव रूढ झाले. या नावाचा दरारा एवढा, की गोव्यात जेझुइट पाद्र्यांना सर्रास ‘पावलिस्त’ म्हणत.

‘कॉलेज’ या शब्दाने आजच्या वाचकाची फसगत होते. अक्षरे गिरवणारी लहान मुले, लॅटिन व्याकरण घोकणारे किशोर आणि धर्मशास्त्र शिकणारे होऊ घातलेले पाद्री असे सारे इथे एकाच आवारात राहत. त्यामुळे शाळा, वसतिगृह आणि सेमिनरी वेगवेगळी काढून दाखवता येत नाहीत.

व्हिकार जनरल मिगेल व्हाझ आणि दिओगो द बोर्बा या दोघांनी ही संस्था उभी केली. नव्याने ख्रिस्ती झालेल्या स्थानिक मुलांना शिकवून त्यांच्यातूनच धर्मप्रचारक घडवावेत, हा त्यांचा हेतू होता. पैसा कुठून आला हे मात्र गौरवग्रंथ घाईघाईने सांगून पुढे जातात. तिसवाडी बेटावरची देवळे पाडल्यावर त्यांच्या जमिनींचे उत्पन्न १५४१ मध्ये या संस्थेकडे वळवण्यात आले. विद्यार्थीही सगळेच आपखुशीने आलेले नव्हते. आईबाप आणि आजीआजोबा हयात नसलेली हिंदू मुले सेंट पॉलच्या हवाली करून त्यांना बाप्तिस्मा द्यावा, असे फर्मान १५५९ मध्ये लिस्बनहून निघाले. या विद्यालयाचा इतिहास या दोन गोष्टी वगळून लिहिता येत नाही.

जेझुइट धर्मप्रचारक फ्रान्सिस झेवियर ६ मे १५४२ रोजी गोव्यात उतरला. त्याच्या सोबत्यांनी इथे शिकवायला सुरुवात केली आणि १५४९ पर्यंत सारा कारभार जेझुइटांच्या हाती गेला. खुनाच्या प्रकरणातून पळालेला आंजिरो नावाचा जपानी १५४८ मध्ये याच ठिकाणी शिकला. बाप्तिस्म्यानंतरचे त्याचे नाव पाउलो द सांता फे, म्हणजे शाळेचेच नाव त्याला आडनावासारखे चिकटले. पुढच्याच वर्षी झेवियर त्याला घेऊन जपानला गेला. झेवियरचे शव १५५४ मध्ये गोव्यात आले, तेव्हा तेही प्रथम इथल्याच चर्चमध्ये ठेवले गेले.

स्थानिक मुलांसाठी काढलेली ही शाळा स्थानिक मुलांचीच राहील का, हा वाद अगदी लवकर सुरू झाला. १५४८ मध्ये आलेला रेक्टर अंतोनियो गोमिश याने देशी मुलांना बाहेर काढून पोर्तुगीज मुले भरायला घेतली. झेवियरने परत आल्यावर त्याला पदावरून दूर केले. तरी प्रश्न मिटला नाही. पुढे चीनमध्ये नाव कमावलेला मातेओ रिची १५७८ मध्ये गोव्यात आला, सेंट पॉलमध्ये धर्मशास्त्र शिकला, व्याकरणही शिकवू लागला. हिंदी विद्यार्थ्यांना तत्त्वज्ञान आणि धर्मशास्त्राचे वर्ग बंद करण्याच्या धोरणाविरुद्ध त्याने १५८१ मध्ये वरिष्ठांना पत्र लिहिले. ही मुले शिकली की गर्विष्ठ होतील, छोट्या ठिकाणी काम करणार नाहीत, असा धोरणामागचा युक्तिवाद होता. पुढे शतकानुशतके हाच युक्तिवाद इतर अनेकांच्या तोंडी आढळतो. रिचीच्याच वर्षी आलेला जेझुइट पाद्री रोदोल्फो अक्वाव्हिवा इथे तत्त्वज्ञान शिकवत होता. अकबराचे बोलावणे आल्यावर तो १५७९ मध्ये गोव्याहून निघून फत्तेपूर सिक्रीला गेला. परतल्यावर १५८३ मध्ये साळशेतीतील कुंकळ्ळी येथे तो मारला गेला.

मराठी वाचकाला सर्वांत जवळची गोष्ट म्हणजे छापखाना. अ‍ॅबिसिनियाकडे निघालेले यंत्र १५५६ मध्ये गोव्यात अडकले आणि सेंट पॉलमध्येच बसवले गेले. मुद्रक हुआन दे बुस्तामांते. त्याच वर्षी विद्यार्थ्यांच्या तात्त्विक वादविषयांचे एक पत्रक छापले गेले. हिंदुस्थानातील मुद्रणाचा प्रारंभ तो हाच. १५५७ मध्ये झेवियरची ख्रिस्ती प्रश्नोत्तरी निघाली. पण हे सारे रोमन लिपीत होते. १५७९ मध्ये गोव्यात आलेले इंग्रज पाद्री थॉमस स्टीफन्स मराठी उत्तम शिकले. या भूमीच्या लिपीत पुस्तके छापावीत, ही आपली जुनी इच्छा त्यांनी १६०८ मध्ये रोमला कळवली. अडचणही सांगितली : युरोपात चोवीस साच्यांत जे काम भागते, त्याला इथे सहाशे साचे लागतील. साचे झाले नाहीत. त्यांचे ‘क्रिस्तपुराण’ १६१६ मध्ये रायतूर येथे छापले गेले तेव्हा मराठी ओव्या रोमन अक्षरांतच उतरल्या. नागरी खिळ्यांनी छापलेल्या मराठी व्याकरणासाठी १८०५ पर्यंत, तेही बंगालमधल्या श्रीरामपूरच्या कॅरी या मिशनऱ्याची वाट पाहावी लागली.

विद्यालयाची जागा सखल आणि रोगट होती. साथी पुन्हा पुन्हा आल्या. सोळाव्या शतकाच्या अखेरीपासून मंडळी जवळच्या टेकडीवरील सांव रोके येथे हलू लागली आणि तिथले विद्यालय ‘नवे सेंट पॉल’ म्हणून ओळखले जाऊ लागले. जुन्या शहराचीच कळा उतरत गेली. १७५९ मध्ये पोर्तुगालचा मंत्री मार्किश द पोंबाल याने जेझुइटांना हद्दपार केले आणि मालमत्ता सरकारजमा झाली. पुढे इमारतीकडे कोणी पाहिले नाही. १८३० च्या सुमारास सरकारने ती पाडून दगड पणजीच्या बांधकामांसाठी नेले.

आवारातील झेवियरचे छोटे चॅपल १८८४ मध्ये नव्याने बांधले गेले. मूळ वास्तूपैकी चर्चच्या दर्शनी भागातील एकच दगडी कमान शिल्लक आहे. ती जुन्या गोव्याहून करमळीकडे जाताना रस्त्यालगत दिसते. भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या संरक्षित स्मारकांत तिची नोंद ‘सेंट पॉल कॉलेजचा दरवाजा’ अशी आहे.