सायकलीचे हँडल : इंदापूर तालुक्याच्या वाटांवरून पाहता

इंग्रजीतील 'हँडलबार' या जोडशब्दाचे उत्तरपद मराठीने टाकून दिले आणि उरलेल्या 'हँडल'ला नपुंसकलिंग बहाल केले. हाच शब्द तेलइंजिन सुरू करावयाच्या लोखंडी दांड्यासही लागतो. परंतु इंजिनाला हँडल 'मारतात', सायकलीचे हँडल 'धरतात' वा 'वळवितात'. क्रियापदानेच अर्थ वेगळा राखल्यामुळे दुसऱ्या शब्दाची निकड भासली नाही. 'दुचाकी' या शब्दाचे नशीब मात्र विचित्र. सायकलीस मराठी नाव म्हणून तो पुढे करण्यात आला, आणि आज वृत्तपत्रांत तो मोटारसायकल व स्कूटर यांचाच वाचक होऊन बसला आहे.

हँडलाच्या आकारांना मात्र मराठीत फारशी नावे नाहीत, आणि याचे कारण भाषेत नसून वस्तूच्या इतिहासात आहे. कित्येक दशके येथील रस्त्यांवर एकच आकार होता. दोन्ही टोके चालकाकडे मागे वळलेले हे हँडल इंग्लंडात 'नॉर्थ रोड' म्हणून ओळखले जाई. १८८५ मध्ये स्थापन झालेल्या नॉर्थ रोड सायकल क्लबावरून हे नाव पडले. हा क्लब लांब पल्ल्याच्या वेगवान स्वारांचा होता. शर्यतवाल्यांचे नाव पुढे शाळामास्तर आणि पोस्टमन यांच्या सायकलीस चिकटावे, ही गंमतच म्हणावयाची. त्याच वर्षी स्टार्ली यांची 'रोव्हर' ही साखळीने मागील चाक फिरविणारी सायकल कॉव्हेंट्रीत बाजारात आली, आणि त्याच सुमारास इकडे नीरा डावा कालवा पुरा होऊन बारामती-इंदापूरच्या कोरड्या पट्ट्यात पाणी खेळू लागले.

स्वातंत्र्यापूर्वी विलायतेहून येणाऱ्या रॅले, हर्क्युलिस, बी. एस. ए. या सायकलींचा घाट टी. आय. (१९४९), अ‍ॅटलस (१९५१) व हीरो (१९५६) या कारखान्यांनी जवळजवळ तसाच उचलला. यात अनुकरणाइतकीच यंत्ररचनेचीही सक्ती होती. या सायकलींचे ब्रेक सळ्यांचे. मुठीखालील दांडी दाबली की सळई वर ओढली जाते आणि रबराचे ठोकळे चाकाच्या धावेला आतून भिडतात. या दांड्या हँडलाच्या अंगानेच बसविलेल्या असल्यामुळे हँडल बदलणे म्हणजे ब्रेकची सारी जुळणीच बदलणे होय. तारेचे ब्रेक आले तेव्हाच हँडलाची निवड ही गिऱ्हाइकाच्या हातची गोष्ट झाली.

बावडा हे गाव इंदापूर-अकलूज मार्गावर आहे. तुकाराममहाराजांची पालखी इंदापूर सोडून याच वाटेने सराटीस जाते, आणि तेथे नीरास्नान झाल्यावर अकलूजकडे वळते. वाट बहुतांशी सपाट. अशा वाटेवर ताठ बसून सावकाश जाणाऱ्याला मागे वळलेले हँडल सोयीचे पडते : मनगट पिळत नाही, मान वर धरावी लागत नाही, नजर उसाच्या गाडीवर राहते. त्याची किंमत बैठकीला मोजावी लागते. धडाचा भार तिच्यावरच येतो, म्हणून या सायकलींना रुंद स्प्रिंगांची सीट असते. दुसरी खोट अशी की, अरुंद जागी वळताना मूठ गुडघ्याला लागते. मुठीला किटली अडकविली, तर ती हेलकावताच चाक त्या बाजूस ओढ घेते. दुधाचे ओझे मागील कॅरियरवर बांधण्यात शहाणपणा आहे तो यामुळे.

वाऱ्याचा प्रश्न वेगळा. वालचंदनगर बावड्याच्या पश्चिमेस आहे. आषाढात तिकडे निघालेल्याला पश्चिमेचा वारा सरळ छातीवर घ्यावा लागतो, आणि ताठ बसलेले धड शिडासारखे त्यास अडते. अशा पल्ल्यास शर्यतीच्या सायकलीचे खाली वाकलेले हँडल उपयोगी, कारण त्यावर हात ठेवावयास तीन-चार जागा मिळतात आणि थकलेला हात हलविता येतो. परंतु पाठ वाकविण्याची सवय नसलेल्यास ते रोजच्या वापरासाठी देणे हा निव्वळ हौसेचा भाग होय.

पुढे तरुणांत रुळलेल्या सरळ हँडलाविषयी अधिक सावधपणे बोलावयास हवे. खडबडीत रस्त्यावर त्याने ताबा चांगला राहतो, हे खरे. तथापि धड पुढे झुकून तळव्यांवर भार येतो, हात एकाच ठिकाणी खिळून राहतात, आणि तळव्याच्या बाहेरील कडेजवळून जाणारी मज्जा दाबली जाऊन करंगळी व अनामिका यांना मुंग्या येतात. शाळेपर्यंतच्या दोन-तीन किलोमीटरांत हे जाणवत नाही. इंदापूरपर्यंत रोज जाणाऱ्यास जाणवते. उपाय स्वस्त आहे : हँडल थोडे उंच घ्यावे, अथवा टोके किंचित मागे वळलेले बसवावे. दुकानदार बहुधा सीटची उंची विचारतो, हँडलाची विचारीत नाही.

नॉर्थ रोड हँडल उलटे बसविले की मुठी सीटच्या पातळीखाली जातात आणि पाठ आपोआप वाकते. जुने शर्यतवाले तेच करीत. सळ्यांचे ब्रेक असलेल्या सायकलीवर मात्र ही उलटापालट शक्य नव्हती.