राजाश्रय, तिकीटबारी आणि सरकारी तिजोरी

मराठी नाटकाचा जन्म संस्थानी खजिन्याच्या आधाराने झाला, ही गोष्ट कलेला सरकारी पैसा द्यावा की नाही या वादात सहसा कोणी आठवत नाही. सांगलीचे अधिपती चिंतामणराव आप्पासाहेब पटवर्धन यांनी कर्नाटकातून आलेल्या भागवत मंडळींचे खेळ पाहिले आणि त्याच धर्तीचे, पण मराठी भाषेतील खेळ बसवण्याचे काम पदरी असलेल्या विष्णुदास भावे यांच्याकडे सोपवले. त्यातून 1843 मध्ये ‘सीतास्वयंवर’ सांगलीत उभे राहिले. त्या प्रयोगाची तारीख 5 नोव्हेंबर मानली जाते आणि तोच दिवस आज मराठी रंगभूमी दिन म्हणून पाळला जातो. या खेळात प्रारंभी सूत्रधार मंगलाचरण म्हणे, विदूषक त्याची फिरकी घेई, मग गणपती येई आणि मोरावर बसलेली सरस्वती नाचत प्रवेश करी; पुढे कथानकाची सारी पदे सूत्रधारानेच म्हणायची आणि पात्रांनी त्या अनुरोधाने आयत्या वेळी सुचेल ते बोलायचे, अशी रीत होती. राक्षसांच्या आरोळ्यांनी मांडव दणाणून सोडणारा हा सगळा थाट दरबाराच्या आश्रयाने उभा राहिला होता. संस्थानात राजाचा खाजगी पैसा आणि राज्याचा पैसा यांत आजच्यासारखी स्पष्ट रेघ नसे. खजिन्यात पडणारा सारा अखेर रयतेच्याच घामाचा असे.

या आश्रयाची मर्यादा 1851 मध्ये आप्पासाहेबांच्या निधनानंतर उघड झाली. धन्याच्या मर्जीवर बेतलेला आधार धन्याबरोबरच गेला आणि भावे यांना मंडळी घेऊन मुलूखगिरीवर निघावे लागले. 1853 मध्ये त्यांनी मुंबईत ग्रँट रोडच्या नाटकगृहात तिकीट लावून खेळ केले. पुढे अण्णासाहेब किर्लोस्करांच्या 1880 च्या ‘शाकुंतल’पासून संगीत नाटकाचा जो बहर आला, त्याचा मुख्य पोशिंदा तिकीट काढणारा प्रेक्षकच होता, जरी बडोदे, कोल्हापूर, इंदूर यांसारख्या दरबारांचा हात अधूनमधून पाठीवर पडत असला तरी.

इंग्रज सरकारचा रंगभूमीशी संबंध देण्यापेक्षा रोखण्याचा आणि घेण्याचाच राहिला. 1876 च्या नाट्यप्रयोगविषयक कायद्याने आक्षेपार्ह वाटणारा खेळ बंद करण्याचा अधिकार सरकारकडे आला आणि त्याचा फटका कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांच्या ‘कीचकवध’ला 1910 मध्ये बसला. 1923 च्या मुंबई करमणूक कर कायद्याने तिकिटाच्या पैशातही सरकारने आपला वाटा मागितला. कंपनीची भव्य बिऱ्हाडे, उंची कपडेपट आणि गल्ला यांचा मेळ आधीच बसेनासा झाला होता. त्यात 1932 च्या ‘अयोध्येचा राजा’पासून मराठी बोलपट आला आणि एकामागून एक नाटक कंपन्या बसल्या. केवळ बाजाराच्या भरवशावर कला जगते असे म्हणणाऱ्यांनी हे दशक जरूर अभ्यासावे.

स्वातंत्र्यानंतर मुंबई राज्याने 1954 मध्ये राज्य नाट्यस्पर्धा सुरू केली. एखाद्या कंपनीला वर्षासन, म्हणजे दरसाल ठराविक नेमणूक, बांधून देण्याऐवजी हौशी संघांना रंगमंच, परीक्षक आणि पारितोषिक मिळवून देणारी ही पद्धत सांगलीच्या आश्रयापेक्षा कितीतरी शहाणी ठरली, कारण तिच्यात कोणा एकाच्या मर्जीला जागा कमी होती. विजय तेंडुलकरांचे ‘घाशीराम कोतवाल’ 1972 मध्ये या स्पर्धेतूनच पुढे आले. त्याच साली तेंडुलकरांच्या ‘सखाराम बाइंडर’वर मात्र राज्याच्याच रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाने, म्हणजे प्रयोगाआधी संहिता तपासणाऱ्या यंत्रणेने, कात्री चालवली आणि दिग्दर्शक कमलाकर सारंग यांना उच्च न्यायालयाची पायरी चढावी लागली. एका हाताने पारितोषिक आणि दुसऱ्या हाताने कात्री, ही विसंगती सरकारी आश्रयाच्या पोटातच असते आणि म्हणून किती दिले यापेक्षा कोणत्या अटीवर दिले, हा प्रश्न अधिक मोलाचा ठरतो.

अटींचा जाच सर्वांत कमी असतो तो वास्तूंच्या बाबतीत. पुणे महानगरपालिकेने 1968 मध्ये खुले केलेले बालगंधर्व रंगमंदिर संगीत नाटकापासून लावणीपर्यंत सगळ्यांना भाड्याने मिळत आले. राजर्षी शाहू महाराजांनी कोल्हापुरात बांधलेले पॅलेस थिएटर 1915 पासून खेळ पाहत आले. संस्थान विलीन झाले, नाटक कंपन्या मोडल्या, तरी गायकनट केशवराव भोसले यांचे नाव धारण करून ते महापालिकेच्या ताब्यात चालतच राहिले. सांगलीच्या राजाने पोसलेली मंडळी त्याच्यामागे दरबारात टिकली नाही. कोल्हापूरच्या राजाने उभारलेल्या भिंती मात्र शंभर वर्षे उपयोगी पडल्या. 8 ऑगस्ट 2024 च्या रात्री, केशवरावांच्या जयंतीच्या आदल्या दिवशी, हे नाट्यगृह आगीत होरपळले आणि त्याच्या पुनर्बांधणीसाठी राज्य सरकारने तिजोरीतून निधी जाहीर केला.