मंदीतला अडत्या: दुसऱ्याचा माल विकून जगणाऱ्यांची गोष्ट

स्वतःचा माल नाही, कारखाना नाही, भांडवलही बेताचे. एकाचा माल दुसऱ्याला विकून द्यायचा आणि शेकड्यामागे ठरलेली रक्कम घ्यायची. मोबाइलवर वस्तूची लिंक देऊन कमिशन मिळवण्याच्या उद्योगाला आज ‘अ‍ॅफिलिएट मार्केटिंग’ म्हणतात. तो नव्या युगाचा शोध मानला जातो. परंतु आपल्या बाजारपेठांना तो ‘अडत’ या नावाने फार पूर्वीपासून ठाऊक आहे. आणि मंदीत अशा धंद्याचे काय होते, याचा अनुभवही आपल्या गाठीशी आहे. आजचा थ्रेड त्याविषयी.

सुरुवात मुद्दाम चंदगडपासून करू. आज कोल्हापूर जिल्ह्यात असलेला हा तालुका १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत बेळगाव जिल्ह्यात होता. राज्यपुनर्रचनेत बेळगाव जिल्हा म्हैसूर राज्यात गेला, त्यातून चंदगड तेवढा वगळण्यात आला. म्हणजे १९३० च्या सुमारास चंदगडच्या शेतकऱ्याचे जिल्ह्याचे ठिकाण बेळगाव आणि जवळची मोठी बाजारपेठही तीच. पश्चिमेला घाट, खाली कोकण व गोवा. भात, नाचणी आणि रानातला हिरडा हे इकडचे उत्पन्न. अशा मुलखातला शेतकरी गाडी जुंपून पेठेत गेला की थेट गिऱ्हाइकाशी त्याची गाठ क्वचितच पडे. मध्ये अडत्याची पेढी असे.

पेढीचे काम काय? माल उतरवून घेणे, खरेदीदार आणणे, सौदा करणे, वजन करून पैसे देणे. अनेक बाजारांत सौदा रुमालाखाली होई: अडत्या आणि खरेदीदार कापडाआड एकमेकांची बोटे दाबून भाव ठरवत, आणि मालाचा धनी शेजारी उभा असूनही त्याला काहीच कळत नसे. शेवटी हातात पडे ती पट्टी. तिच्यात अडत, हमाली, तोलाई, धर्मादाय अशा नावांनी रकमा वजा केलेल्या असत.

यातली अडत किमतीच्या प्रमाणात, तर हमाली-तोलाई बहुधा पोत्यामागे ठरलेली. हा फरक तेजीत कोणाच्या ध्यानात येत नाही. मंदीत येतो.

१९२९ च्या ऑक्टोबरात न्यूयॉर्कचा शेअरबाजार कोसळला, हे आपण शाळेत वाचतो. शेतमालाचे भाव त्याच्या आधीपासूनच उतरू लागले होते. जुलै १९१४ चा भाव १०० धरून काढलेला कलकत्त्याचा घाऊक किमतींचा निर्देशांक १९२९ मध्ये १४१ होता; १९३१ मध्ये तो ९६ वर आणि १९३३ मध्ये ८७ वर आला. गव्हाचा भाव १९२८ ते १९३४ या काळात निम्म्याने उतरला. शेतसारा मात्र रोखीत आणि जुन्याच दराने.

आता पट्टीचे गणित मांडून पाहा. आकडे केवळ उदाहरणादाखल आहेत. पोत्याला दहा रुपये, म्हणजे १६० आणे येतात; अडत शेकडा अडीच, म्हणजे चार आणे; हमाली-तोलाई मिळून आणखी चार आणे. एकूण कपात आठ आणे, शेकडा पाच. भाव पाच रुपयांवर आला की अडत दोन आणे होते, पण हमाली-तोलाई चारच आणे राहते. कपात सहा आणे, ८० आण्यांतून. म्हणजे शेकडा साडेसात. शेतकऱ्याच्या पदरात आधीच निम्मे पडायचे, त्यातूनही जास्त हिस्सा कापला जातो. आणि अडत्याचे काय? तितकीच पोती उतरवून, तितकेच दिवस पेढी उघडी ठेवून त्याची मिळकतही निम्मी. माल आपला नाही म्हणून भाव पडल्याची झळ आपल्याला नाही, ही कमिशनवर जगणाऱ्याची समजूत इथे खोटी पडते.

याहून मोठे संकट होते ते उचलीचे. अडत्या केवळ विकून देत नसे. पेरणीच्या वेळी तो शेतकऱ्याला पैसे देई आणि त्या बदल्यात माल आपल्याच पेढीवर येईल, याची खात्री करून घेई. आजच्या भाषेत, गिऱ्हाईक बांधून ठेवण्याचा हा खर्च. शंभर रुपयांची उचल दहा रुपयांच्या भावाने दहा पोत्यांत फिटत होती. पाच रुपयांच्या भावाने तीच फेडायला वीस पोती लागली. शेतात मात्र वीस पोती पिकलेली नव्हती. शेतकरी कर्जात रुतला, त्याच्यामागोमाग पेढीची वसुलीही रुतली. अडत्या खलनायक होता की बळी, असा प्रश्न पुष्कळदा विचारला जातो. माझ्या मते तो दोन्ही होता. मात्र शेतकऱ्याला ज्या व्याजाने तो बांधत होता ते पाहता बळी म्हणून त्याची फार कीव करण्याचे कारण नाही.

कोल्हापूरच्या गुळाचीही हीच कथा. शाहू महाराजांनी १८९५ मध्ये वसवलेली शाहूपुरी ही अडत्यांचीच पेठ. तिथल्या व्यापाऱ्यांसमोर मंदीबरोबर आणखी एक गोष्ट आली. १९३२ मध्ये सरकारने देशी साखर उद्योगाला संरक्षक जकात दिली आणि काही वर्षांतच देशभर साखर कारखान्यांची संख्या अनेक पटींनी वाढली. कारखान्याला ऊस थेट लागतो. गुळाच्या रव्यांवर अडत घेणाऱ्याची तिथे गरज नाही.

मंदीत सगळे व्यवहार थांबतात, असे मात्र नाही. सप्टेंबर १९३१ मध्ये ब्रिटनने सुवर्णमानक सोडले, रुपया पौंडाला बांधलेला असल्याने तोही सोन्याच्या तुलनेत घसरला, आणि तोळ्यामागे २१ रुपयांच्या आसपास असलेला सोन्याचा भाव काही महिन्यांत तिशीकडे सरकला. धान्य विकून सारा भरता येईना, तेव्हा घरातले सोने बाहेर निघाले. गावचा सराफ, तालुक्याचा सराफ, मुंबईची पेढी, आणि तिथून बोटीने लंडन. प्रत्येक टप्प्यावर कोणीतरी आपला हिस्सा घेत होता. १९३१-३२ आणि १९३२-३३ या दोन वर्षांतच शंभर कोटी रुपयांहून अधिक किमतीचे सोने देशाबाहेर गेले. भाताच्या पोत्यावरचे कमिशन आटले, तर बायकांच्या पाटल्या-बांगड्यांवरचे सुरू झाले. या व्यवसायाच्या इतिहासातले हे सर्वांत अस्वस्थ करणारे प्रकरण आहे, आणि त्यावर आपल्याकडे पुरेसे लिहिले गेलेले नाही.

त्याच काळात कमिशनवर जगणारा आणखी एक माणूस मराठी मुलखात फिरत होता: विम्याचा एजंट. साताऱ्यात १९१३ मध्ये स्थापन झालेली वेस्टर्न इंडिया लाइफ ही या भागातली नावाजलेली देशी कंपनी. एजंटाला पहिल्या हप्त्यावर मोठे कमिशन मिळे आणि पुढच्या प्रत्येक हप्त्यावर थोडे-थोडे. म्हणजे गिऱ्हाईक टिकले तर मिळकत टिकणार. अडत्याहून त्याची तऱ्हा इथेच वेगळी होती: त्याला दरवर्षी नवे पीक नको होते, जुनेच विमेदार हप्ता भरत राहायला हवे होते. मंदीत नेमके तेच अवघड झाले. स्पर्धा वाढली तसे एजंट आपल्या कमिशनातला भाग गिऱ्हाइकाला परत देऊ लागले. ही प्रथा इतकी बोकाळली की १९३८ च्या विमा कायद्याने तिला बंदी घातली. ‘कॅशबॅक’चे आमिष दाखवणाऱ्या आजच्या लिंका पाहून ज्यांना हे नवे वाटते, त्यांनी त्या कायद्याचे ४१ वे कलम वाचावे. पुढच्याच वर्षी, १९३९ मध्ये, मुंबई प्रांताचा शेतमाल बाजार कायदा आला आणि अडतीचे दर कोणी व किती ठरवायचे, हा प्रश्न पेढीच्या हातून नियंत्रित बाजाराच्या हाती जाऊ लागला. वऱ्हाडात कापसाच्या बाजारासाठी असा कायदा १८९७ पासूनच होता.

आता वर्तमानाकडे. जुलै १९९६ मध्ये अ‍ॅमेझॉनने आपली सहयोगी योजना सुरू केली: तुमच्या पानावरून वाचक आमच्या दुकानात आला आणि त्याने काही घेतले, तर तुम्हाला हिस्सा. २००८ च्या मंदीने अमेरिकेतील राज्यांच्या तिजोऱ्या रिकाम्या केल्या, तेव्हा काही राज्यांनी ठरवले की असे सहयोगी राज्यात असतील तर कंपनीने विक्रीकर गोळा करावा. २००९ च्या उन्हाळ्यात अ‍ॅमेझॉनने नॉर्थ कॅरोलिना आणि ऱ्होड आयलंडमधील सहयोग्यांशी संबंधच तोडून टाकले. भांडण सरकार आणि कंपनीचे. उत्पन्न बुडाले ते लिंक देणाऱ्याचे.

१९३० चा अडत्या आणि आजचा सहयोगी यांच्यातला खरा भेद इथे दिसतो. अडत्याच्या वहीत शेतकऱ्याचे नाव होते, खरेदीदाराचे नाव होते, येणे-देणे होते. मंदीत ती वही जड झाली, तरी तिच्याच जोरावर तो पुढच्या हंगामात पुन्हा उभा राहू शकला. आजच्या सहयोग्याला आपल्या लिंकवरून कोणी खरेदी केली, त्याचे नावही कळत नाही. अ‍ॅमेझॉनच्या योजनेत गिऱ्हाइकावरचा त्याचा हक्क साधारण २४ तास टिकतो. म्हणून ज्यांनी आपला वाचकवर्ग स्वतःजवळ जपला, एकाच कंपनीवर विसंबले नाहीत आणि लोक मंदीतही घेतील अशाच वस्तू निवडल्या, त्यांची स्थिती थोडी बरी राहते. थोडीच, कारण दर ठरवणारा हात दुसऱ्याचा आहे.

२०२० मध्ये हे पुन्हा दिसले. आपल्याकडे २५ मार्चपासून टाळेबंदी होती. त्या एप्रिल-जून तिमाहीत देशाचे उत्पन्न आदल्या वर्षीच्या तुलनेत सुमारे २४ टक्क्यांनी घटले. ऑनलाइन विक्रीत फक्त जीवनावश्यक वस्तू घरपोच देण्याची मुभा होती. इतर वस्तूंना हिरव्या व नारिंगी क्षेत्रांत ४ मेपासून आणि लाल क्षेत्रांत १८ मेपासून परवानगी मिळाली. अमेरिकेत तर २१ एप्रिलपासून अ‍ॅमेझॉनने दरच कापले. फर्निचर आणि घरसामानावरचे कमिशन आठ टक्क्यांवरून तीनवर आले. किराणा ही त्या दिवसांत घरोघर मागवली जाणारी वस्तू. तिच्यावरचे कमिशन पाच टक्क्यांवरून एकावर आले.

चंदगड, गडहिंग्लज, बेळगाव भागांतल्या वाचकांना एक विनंती. घरातल्या जुन्या ट्रंकेत १९२८ ते १९३५ या वर्षांच्या अडतपट्ट्या, उचलीच्या चिठ्ठ्या किंवा विम्याच्या पावत्या असतील, तर त्या रद्दीत घालू नका. नावे झाकून त्यांचे फोटो या थ्रेडखाली टाका. पट्टीतला भाव आणि कपातीच्या ओळी तेवढ्या नीट दिसू द्या.