धुळीचं तापमान आणि ६० मायक्रॉनचा घोळ

"धुळीचं तापमान २० केल्विन धरलं आहे." हे वाक्य तुम्ही पेपरांमध्ये वाचलं असेल, उद्या स्वतःही लिहाल. त्याआधी हा आकडा कुठून आला ते बघा.

१९२६ मध्ये एडिंग्टननं हिशेब मांडला होता, की अवकाशातल्या ताऱ्यांच्या प्रकाशात ठेवलेली काळी वस्तू साधारण ३ केल्विनला स्थिरावेल. धुळीचा कण मात्र एवढा थंड राहत नाही. मायक्रॉनच्या दहाव्या भागाएवढा तो कण ताऱ्यांचा प्रकाश सहज शोषतो, पण लांब तरंगलांबीवर ऊर्जा बाहेर टाकणं त्याला जड जातं. मग तो वीसेक केल्विनपर्यंत तापतो आणि मुख्यतः १०० ते २०० मायक्रॉनच्या पट्ट्यात चमकतो. ही चमक जमिनीपर्यंत पोचत नाही, वातावरणातली वाफ ती गिळते. त्यामुळे बलून किंवा उपग्रह हवाच. (आपल्या टीआयएफआरनं हैदराबादहून बलूनवर एक मीटरची दुर्बीण पाठवून १५० आणि २१० मायक्रॉनला नकाशे केले, हे फार थोड्यांना माहीत असतं.)

जानेवारी १९८३ मध्ये आयरास उपग्रह गेला. त्याचे पट्टे चार: १२, २५, ६० आणि १०० मायक्रॉन. ६० आणि १०० चं गुणोत्तर काढा, की तापमान हातात! इतकं सोपं वाटलं. पण १९८४ मध्ये क्रिस सेलग्रेननं परावर्तन तेजोमेघांमध्ये जवळच्या इन्फ्रारेडला सुमारे १००० केल्विनची चमक दाखवली, आणि ताऱ्यापासून लांब गेलं तरी ती बदलत नव्हती. तिचं स्पष्टीकरण असं, की अगदी बारीक कण एकाच फोटॉननं क्षणभर तापतात आणि लगेच थंड होतात. त्यांना स्थिर तापमानच नसतं. ६० मायक्रॉनमध्ये अशा कणांचा वाटा मिसळलेला असतो, त्यामुळे गुणोत्तरातून आलेलं तापमान खऱ्यापेक्षा जास्त निघतं.

थोड्या फरकानं काय बिघडतं? १०० मायक्रॉनला २० केल्विनचा कण १५ केल्विनच्या कणापेक्षा जवळपास ११ पट तेजस्वी असतो. म्हणजे तापमान पाचनं चुकलं, तर धुळीचं वस्तुमान अकरा पटींनी चुकलं.

पुढे कोबेनं १४० आणि २४० मायक्रॉन दिले, २००९ मध्ये गेलेल्या हर्शेलनं ५०० पर्यंत मजल मारली. मग वाद बीटावर आला. तापमान वाढलं की बीटा घटतो, असं अनेकांना दिसत होतं. त्याच वर्षी शेट्टी आणि सहकाऱ्यांनी दाखवलं, की नुसत्या नॉइजमुळेही फिटमध्ये हा उलटा संबंध उमटतो. तुमच्या आलेखात तो दिसला, तर एकच तापमान आणि एकच बीटा घेऊन कृत्रिम डेटा बनवा, त्यात नॉइज घाला आणि तोच फिट त्यावर चालवून बघा.