धारवाडचा वेढा आणि पटवर्धन

कुरुंदवाड, मिरज, सांगली, जमखिंडी ही संस्थाने ज्या पटवर्धन घराण्याची, त्यातील परशुरामभाऊंनी सप्टेंबर १७९० मध्ये टिपू सुलतानाच्या ताब्यातील धारवाडला वेढा घातला. पेशवे, निजाम व इंग्रज यांच्या तहानुसार कॅप्टन लिटलची इंग्रजी पलटणे त्यांच्या मदतीस होती. किल्लेदार बद्रुज्जमानखान मात्र हटेना. तट फोडण्याजोग्या तोफा व दारूगोळा अपुरा पडला. फेब्रुवारी १७९१ मध्ये कर्नल फ्रेडरिकचा हल्ला फसला. अखेर वाटाघाटी होऊन एप्रिलच्या आरंभी किल्ला हाती आला. मराठी फौज कॉर्नवॉलिसला मे अखेरीस भेटली, तेव्हा अन्नटंचाईने गांजलेला तो जड तोफा नष्ट करून श्रीरंगपट्टणहून परत फिरला होता. धारवाडच्या तटापाशी गेलेल्या सहा महिन्यांची किंमत दोस्तांना अशी मोजावी लागली.